काचेच्या पेटीचे दोन वंश

यास्काचार्यांच्या निरुक्तात अग्नीचे स्वरूप सांगता सांगता एक छोटासा प्रयोग येऊन जातो. काशाचे भांडे किंवा मणी घासून लख्ख करावा, सूर्यासमोर धरावा आणि त्यातून निघणाऱ्या झोतात वाळलेले शेण, भांड्याला न टेकवता, धरून ठेवावे. ते पेट घेते. सूर्यापासून पृथ्वीवरचा अग्नी निघू शकतो, एवढेच यास्कांना दाखवायचे होते. इसवी सनापूर्वीच्या या नोंदीत सौरऊर्जेच्या विज्ञानाची अर्धी बाजू मात्र स्पष्ट दिसते: विखुरलेले ऊन एका जागी गोळा करणे. पुढे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात डायोक्लिस या ग्रीक गणितज्ञाने या बाजूला भूमितीची बैठक दिली. अन्वस्ताच्या आकाराचा आरसा आपल्या अक्षाला समांतर येणारे सगळे किरण एकाच बिंदूत आणतो, हे त्याने सिद्ध केले. दहाव्या शतकात इब्न सहलने आणि अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने अरबी भाषेत दाहक आरशांवर लिहिले. १७४७ मध्ये बुफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने पॅरिसच्या राजोद्यानात शंभराहून अधिक सपाट आरसे एकाच ठिकाणी रोखून दूरवर ठेवलेले लाकूड पेटवून दाखवले. दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणसाने उन्हाला असे एकवटले, पण त्यातून त्याला हवी होती ती ठिणगी. ठिणगीने चूल पेटते, अन्न शिजत नाही. त्यासाठी उष्णता तासन्‌तास टिकून राहावी लागते. उष्णता धरून ठेवण्याची ही दुसरी बाजू उजेडात यायला १७६७ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी आपण जिनिव्हात जाऊ. ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा तिथला तरुण प्राध्यापक, आल्प्सच्या पर्वतराजीचा वेडा. काच लावलेल्या खोलीत किंवा बंद गाडीत ऊन आले की आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते, हे त्या काळी सर्वांच्या अनुभवाचे होते. ती नेमकी किती तापते हे मात्र कोणी मोजले नव्हते. सोस्यूरने काचेच्या पाच पेट्या एकात एक बसवल्या, त्या काळ्या पाटावर ठेवल्या आणि उन्हाच्या दिशेने फिरवत राहिला. सर्वांत आतल्या पेटीत तापमापक ८७ अंश सेल्सियसच्या पुढे गेला आणि तिथे ठेवलेली फळे शिजून त्यांना रस सुटला. मग त्याने रचना सुधारली. पाइनच्या लाकडाची एक पेटी दुसरीत ठेवून मधल्या जागेत लोकर ठासली, आतला तळ काळा केला आणि वर काचेची तीन झाकणे अंतर राखून बसवली. या पेटीत पारा १०९ अंशांपर्यंत चढला. विस्तव नव्हता, आरसा नव्हता. नुसत्या उन्हावर पाणी उकळण्याच्या बिंदूपलीकडची उष्णता त्याच्या हाती आली. आज आपल्या गच्चीवर ठेवली जाणारी सूर्यचूल पाहिली, तर काळा तळ, वर एकापेक्षा अधिक काचा आणि बाजूंना उष्णतारोधक थर ही तिची तिन्ही अंगे या पेटीतूनच आलेली दिसतील.

सोस्यूर एवढ्यावर थांबला नाही. पर्वतमाथ्यावर सूर्य जवळ असूनही थंडी का, हा जुना प्रश्न त्याच्या मनात होता. ही पेटी घेऊन तो क्रामाँ या शिखरावर चढला आणि दुसऱ्या दिवशी तीच पेटी त्याने सुमारे दीड हजार मीटर खाली, पायथ्याशी कूरमायर इथे ठेवली. वरची हवा खालच्यापेक्षा कितीतरी थंड असूनही दोन्हीकडे पेटीच्या आतले तापमान जवळपास सारखेच भरले. म्हणजे ऊन दोन्हीकडे सारखेच पडत होते. फरक होता तो उष्णता धरून ठेवण्यात. माथ्यावरची विरळ हवा ती धरू शकत नव्हती, काच धरू शकत होती. इथे या पेटीचे दोन वंश सुरू होतात. एक वंश स्वयंपाकघराकडे आणि कारखान्याकडे निघाला. दुसरा संपूर्ण पृथ्वीकडे एक पेटी म्हणून पाहू लागला. दीडशेहून अधिक वर्षे हे दोघे एकमेकांना फारसे न ओळखता वाढले.

आधी दुसऱ्या वंशाची वाट धरू. १८०० मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या सप्तरंगी पट्ट्यात तापमापक ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, पारा सर्वांत वर गेला. अवरक्त किरण असे सापडले. १८२४ मध्ये जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने पृथ्वीचे तापमान कशाने ठरते याचा विचार मांडला, तेव्हा त्याने आधार घेतला सोस्यूरच्या पेटीचा. सूर्याची प्रकाशमान उष्णता हवेतून सहज आत येते, जमिनीने परत सोडलेली अदृश्य उष्णता मात्र तितक्या सहज बाहेर पडत नाही, असे त्याचे म्हणणे. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकी स्त्रीने काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे सर्वांत जास्त तापते व सर्वांत सावकाश निवते अशी नोंद केली. वातावरणात हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक उबदार होईल, हेही तिने लिहून ठेवले. तिचे नाव पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ विस्मरणात गेले. १८५९ पासून लंडनमध्ये जॉन टिंडलने वेगवेगळे वायू अवरक्त किरण किती शोषतात हे काटेकोर मोजले, आणि १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनिअसने हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचे हातांनी केलेले गणित छापले.

विद्यार्थ्यांनी इथे क्षणभर थांबून हे विज्ञान नीट समजून घ्यावे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस तापलेला आहे, म्हणून त्याची बहुतेक ऊर्जा आखूड तरंगांनी येते आणि काच त्यांना अडवत नाही. पेटीतला काळा तळ ती ऊर्जा शोषून शंभर अंशांच्या आसपास तापतो. एवढ्या तापमानाची वस्तू जे किरण सोडते त्यांची तरंगलांबी आठ मायक्रोमीटरच्या घरात असते, आणि तीन मायक्रोमीटरच्या पलीकडचे किरण काच बाहेर जाऊ देत नाही. हे खरे, पण पुरे नव्हे. १९०९ मध्ये आर. डब्ल्यू. वूड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने दोन सारख्या पेट्या केल्या. एकीवर काच बसवली, दुसरीवर अवरक्त किरणांना मोकळी वाट देणाऱ्या सैंधवाचा पापुद्रा. दोन्ही जवळपास सारख्याच तापल्या. यावरून दिसले की पेटीतली ऊब टिकण्यात मोठा वाटा तापलेली हवा वर उठून निघून जाऊ न देण्याचा असतो. काच हवेलाही अडवते आणि किरणांनाही. वातावरणाची गोष्ट वेगळी आहे. पृथ्वीला काचेचे झाकण नाही, तिथे किरण अडवण्याचे काम कार्बन डायऑक्साइड, बाष्प यांसारखे वायूच करतात. पेटीने पृथ्वी समजायला वाट दाखवली, पण पेटी म्हणजे पृथ्वी नव्हे, हेही पेटीच्याच प्रयोगाने शिकवले.

आता पहिल्या वंशाकडे वळू. विल्यम हर्शेलचा मुलगा जॉन १८३४ मध्ये दक्षिण गोलार्धातील तारे पाहण्यासाठी केप ऑफ गुड होपला गेला. तिथे त्याने महोगनीची, आतून काळी केलेली पेटी वाळूत पुरून वर काच लावली आणि तिच्यात अंडी, फळे, मांस शिजवून जमलेल्या मंडळींना खाऊ घातले. बापाने अवरक्त किरण शोधले आणि मुलगा त्यांच्या जोरावर स्वयंपाक करत होता. त्याच सुमारास, १८३७-३८ मध्ये, हर्शेल केपला आणि क्लोद पुइये फ्रान्समध्ये एकाच प्रश्नामागे होते: सूर्याकडून येणारी उष्णता मोजायची कशी? आज आपल्याला माहीत आहे की वातावरणाच्या बाहेर सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे १,३६१ जूल ऊर्जा पडते आणि निरभ्र दुपारी जमिनीवर त्यातली साधारण १,००० जूल पोहोचते. एक लीटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३,१४,००० जूल लागतात. थोडीही उष्णता वाया गेली नाही असे धरले, तर चौरस मीटरभर ऊन हे काम सव्वापाच मिनिटांत करील. व्यवहारात गळती असते, म्हणून वेळ कितीतरी वाढतो. सूर्यचुलीचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही गळती कमी करण्याचा इतिहास आहे.

फ्रान्समध्ये १८६० च्या सुमारास ऑगस्तँ मूशो नावाच्या गणिताच्या शिक्षकाला एका विचाराने घेरले. कोळसा आज मुबलक आहे, उद्या संपेल. तेव्हा युरोपचे कारखाने कशावर चालतील? त्याने सोस्यूरची काच आणि प्राचीनांचा आरसा एकत्र आणले. मध्यभागी काळे केलेले तांब्याचे भांडे, त्यावर काचेची घंटा आणि भोवती चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा शंकू. १८६६ मध्ये त्याचे पहिले सौर इंजिन तिसऱ्या नेपोलियनने पाहिले, १८६९ मध्ये सौर उष्णतेवरचे त्याचे पुस्तक आले आणि १८७८ च्या पॅरिस महाप्रदर्शनात त्याच्या प्रचंड आरशाने वाफ तयार करून शीतयंत्र चालवले व उन्हापासून बर्फ बनवला. त्याला सुवर्णपदक मिळाले. त्याचा सहकारी आबेल पिफ्र याने १८८२ मध्ये पॅरिसच्या त्विलरी उद्यानात उन्हावर छापखाना चालवून सूर्याच्याच नावाचे एक वर्तमानपत्र छापून दाखवले.

पॅरिसमध्ये बर्फ गोठत होता त्याच १८७८ साली मुंबईत एक पुस्तक छापले गेले. त्याचा लेखक विल्यम ॲडम्स हा मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक होता. शास्त्रज्ञ म्हणून त्याची कुठे नेमणूक नव्हती. उष्ण कटिबंधातील देशांनी इंधनाऐवजी सौर उष्णता वापरावी, हा पुस्तकाचा विषय. त्याने मूशोचे काम वाचले होते आणि त्यातले दोन दोष हेरले होते: चांदीचा मुलामा महाग पडतो आणि लवकर काळवंडतो, शिवाय शंकूचा आकार फार मोठा करता येत नाही. म्हणून त्याने पारा चढवलेल्या काचेचे साधे सपाट आरसे घेतले, सतरा इंच लांब आणि दहा इंच रुंद, आणि ते एकेक करून एकाच जागी रोखत नेले. त्याच्या हिशेबाने असे ७२ आरसे १,२०० अंश फॅरेनहाइटच्या वर, म्हणजे सुमारे ६५० अंश सेल्सियस उष्णता देऊ शकत होते. मग त्याने आरशांची अर्धवर्तुळाकार भिंतच उभारली, सूर्य सरकेल तशी ती सरकवण्याची सोय केली, समोर बाष्पक ठेवला आणि कुलाब्यातील आपल्या आवारात अडीच अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन उन्हावर चालवून लोकांना दाखवले.

ॲडम्सची सूर्यचूल जरा जवळून पाहण्यासारखी आहे. अष्टकोनी तोंडाचा लाकडी शंकू, व्यास जेमतेम दोन फूट चार इंच, आतून आरसे जडवलेले. तळाशी तांब्याचे नळकांडे आणि त्यावर काचेचे आवरण. शंकू उन्हाकडे तिरका ठेवायचा आणि अर्ध्या अर्ध्या तासाने थोडा वळवायचा, इतकीच मेहनत. या चुलीवर जानेवारीत, मुंबईच्या सर्वांत थंड महिन्यात, सात सैनिकांचा मांस आणि भाज्यांचा शिधा दोन तासांत शिजला, आणि नेहमीपेक्षा हे अन्न चवीला सरस आहे असे सैनिकांचे मत पडले. १५ जून १८७८ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये याचा वृत्तान्त छापून आला. आरशाने एकवटायचे आणि काचेने कोंडायचे, या दोन्ही बाजू इथे एका हातात उचलता येईल अशा वस्तूत एकत्र आल्या होत्या. सपाट आरशांच्या त्या भिंतीचा वारसा तर आणखी दूर पोहोचला. कॅलिफोर्नियात बार्स्टोजवळ १९८२ मध्ये सुरू झालेला ‘सोलर वन’ आणि २०१४ मध्ये सुरू झालेले ३९२ मेगावॉटचे इव्हानपा वीजकेंद्र यांत उंच मनोऱ्यावरच्या बाष्पकाकडे हजारो सपाट आरसे रोखले गेले. तत्त्व तेच, कुलाब्याच्या आवारातले.

असे असताना ही वाट मोडली का? विज्ञान चुकले म्हणून नव्हे. फ्रेंच सरकारने मूशोच्या यंत्रांची तपासणी करवली, तेव्हा निष्कर्ष निघाला की यंत्र चालते, पण परवडत नाही. इंग्लंडशी व्यापारी करार झाला होता, रेल्वेचे जाळे पसरले होते आणि कोळसा स्वस्त झाला होता. मूशो पुन्हा आपल्या गणिताकडे वळला. हिंदुस्थानातही लोहमार्गांबरोबर कोळसा दूरवर पोहोचू लागला आणि ॲडम्सचे पुस्तक ग्रंथालयात जाऊन पडले. १९१३ मध्ये हेच पुन्हा घडले. फिलाडेल्फियाच्या फ्रँक शुमनने कैरोजवळ मादी इथे अन्वस्ताकार पन्हळीचे पाच लांबच लांब आरसे उभारले आणि त्यांच्या वाफेवर नाईलचे पाणी मिनिटाला सहा हजार गॅलनपर्यंत उपसून शेतात सोडले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, माणसे पांगली आणि १९१८ मध्ये शुमन वारला. युद्धानंतर जग खनिज तेलाच्या मागे लागले. शुमनच्या पन्हळी १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात परत उभ्या राहिल्या, त्याही १९७३ च्या तेलसंकटाने भाव भडकल्यानंतर. प्रत्येक पिढीने ही विद्या जवळजवळ नव्याने शिकली, कारण आधीच्या पिढीने ती स्वस्त इंधनापायी अडगळीत टाकली होती.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात अन्वस्ताकार आरशाची सूर्यचूल तयार केली. तिचा गाजावाजा झाला, पण ती घराघरांत रुजली नाही. सूर्य आकाशात तासाला १५ अंश, म्हणजे चार मिनिटांत एक अंश सरकतो. आरसा जितका तेज तितका तो वारंवार फिरवावा लागतो. पोळ्या सोडून अंगणातल्या उन्हात कोण उभे राहणार? त्या मानाने सोस्यूरच्या घराण्यातली पेटी शांत स्वभावाची. १९८२ मध्ये केंद्र सरकारचा अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन झाला आणि दुहेरी काचेच्या, झाकणाला आतून आरसा असलेल्या सूर्यपेटीचा प्रसार देशभर होऊ लागला. सकाळी दहाला काळ्या डब्यांत डाळ-तांदूळ लावून ठेवावेत आणि जेवणाच्या वेळी काढावेत. करपणे नाही, उतू जाणे नाही. अन्न शिजायला खळखळून उकळी लागतेच असे नाही, नव्वद-पंचाण्णव अंशांवर डाळ आणि भात निवांत शिजतात. अडचण उरते ती वेळेची. आपल्याकडे सकाळचा डबा ऊन वर येण्याआधीच भरावा लागतो, आणि रात्रीचे जेवण सूर्य मावळल्यावर होते. मृगाचे ढग आले की पेटी माळ्यावर जाते.

आरसा फिरवण्याच्या अडचणीवर उत्तर शोधले वोल्फगांग शेफ्लर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने. १९८६ मध्ये उत्तर केनियात त्याने अशी तबकडी बसवली की जी पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती घड्याळासारखी फिरते, आणि तिचा केंद्रबिंदू मात्र जागचा हलत नाही. पृथ्वी जितकी वळते तितकी तबकडी उलट वळते. त्यामुळे ऊन बाहेर आणि चूल स्वयंपाकघरात, हे प्रथमच साधले. ही विद्या भारतात अनेक मोठ्या मुदपाकखान्यांत गेली. अबूला ब्रह्माकुमारींच्या संकुलात, तिरुमलेला, आणि २००९ मध्ये शिर्डीच्या साईप्रसादालयात, जिथे प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ नळांतून भाताच्या व डाळीच्या मोठ्या पातेल्यांपर्यंत जाते. लातूरच्या दुग्धशाळेत मुंबई आयआयटीचे प्राध्यापक शिरीष केदारे यांच्या संशोधनातून साकारलेली ‘अरुण’ ही भली मोठी तबकडी दूध निर्जंतुक करण्यासाठी उष्णता देऊ लागली. घरच्या चुलीला जे जमले नाही ते हजारोंच्या पंगतीला जमले, कारण तिथे रोज इंधनाचा हिशेब होतो आणि दिवसभर माणूस राबता असतो.

याच काळात पेटीचे दोन्ही वंश पुन्हा एकमेकांसमोर आले. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईतील मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. फूट, टिंडल आणि अऱ्हेनिअस यांनी कागदावर मांडलेले गणित हवेत उतरले आहे. ही भर पडली ती मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून, म्हणजे ज्या स्वस्त इंधनांनी मूशोला, ॲडम्सला आणि शुमनला बाजूला सारले त्यांच्याच धुरातून. त्यांच्या काळच्या हिशेबवहीत धुराचा खर्च लिहिलेला नव्हता. तो लिहिला असता तर १८७८ मध्येच उत्तर वेगळे आले असते असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण प्रश्न तरी बरोबर मांडला गेला असता.

अक्षय ऊर्जा म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे छतावरचे निळे पट्टे येतात, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या देशात ऊर्जेचा मोठा भाग नुसती उष्णता म्हणूनच खर्च होतो: अन्न शिजवायला, दूध तापवायला, कापड रंगवायला, आंघोळीचे पाणी ऊन करायला. त्या उष्णतेचे विज्ञान नवे नाही आणि परकेही नाही; त्याचे एक पान कुलाब्यात लिहिले गेले आहे. शाळेच्या गच्चीवर काळा डबा, दोन काचा आणि एक तापमापक घेऊन ते पान कोणालाही पुन्हा वाचता येईल. दर दहा मिनिटांनी पारा टिपावा, एक काच काढून पुन्हा टिपावा, आणि येणाऱ्या फरकातून गळती किती झाली ते काढावे. मागच्या पिढ्यांना यंत्र करता आले, पण त्याची आठवण जपता आली नाही. यापुढे इंधन स्वस्त होवो की महाग, ही विद्या पाठ्यपुस्तकात, प्रयोगवहीत आणि रोजच्या वापरात टिकवून ठेवणे हे आपले काम आहे.